गुंठ्याच्या व्यवहारात एजंट नेमका कोणाचा?

बारामती, इंदापूरमध्ये प्लॉट किंवा जमीन घेताना मध्यस्थाला आधी काय विचारावे?

पाटसहून बारामतीमार्गे इंदापूरकडे निघा. पालखी मार्गाच्या दोन्ही बाजूंना फलकच फलक दिसतात. 'एनए प्लॉट', 'हायवे टच', 'एमआयडीसीपासून पाच मिनिटे', 'आजच बुकिंग करा'. बारामतीची एमआयडीसी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इंदापूर तालुक्यातील लोणी देवकरचे औद्योगिक क्षेत्र आणि सोलापूर महामार्ग यामुळे जमिनीला भाव आला, हे खरेच. भाव आला की मध्यस्थही येतात. काल हॉटेल किंवा खतांचे दुकान चालवणारा आज 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असतो.

यात गैर काही नाही. चांगला एजंट वेळ वाचवतो, भाव सांगतो, दोन्ही बाजूंना एका टेबलावर आणतो. पण घेणाऱ्याच्या हातात असतात निवृत्तीचे, उसाच्या बिलाचे किंवा भूसंपादनाच्या मोबदल्याचे पैसे. ते पुन्हा मिळत नाहीत. म्हणून प्लॉट पाहण्याआधी एजंट पाहावा.

नोंदणी आहे का?

रेरा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचे काम मे २०१७ पासून सुरू झाले. या कायद्यानुसार नोंदणीकृत गृहप्रकल्पातील किंवा प्लॉटिंगमधील विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटालाही स्वतःची नोंदणी लागते. २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. नोंदणी नसताना काम केल्यास दिवसाला १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्के आहे.

एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. व्हिजिटिंग कार्डावर छापलेला क्रमांक पुरेसा नाही. तो त्याच्याच नावाचा आहे का आणि मुदत संपलेली नाही ना, हे पाहा. तो विकत असलेल्या प्रकल्पाचा क्रमांकही वेगळा तपासा. प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा असेल, तर सहसा नोंदणी लागतेच.

शेतजमिनीला रेराचे कवच नाही

आपल्या भागातली खरी अडचण इथे आहे. शेतजमिनीचा सुटा व्यवहार रेराखाली येत नाही. गावातला मध्यस्थ दोन एकर दाखवतो तेव्हा त्याच्या नोंदणीला फारसा अर्थ उरत नाही. तिथे पाहायचे ते त्याचे ज्ञान आणि त्याचा प्रामाणिकपणा. त्यासाठी चार प्रश्न पुरेत.

पहिला प्रश्न: 'मी शेतकरी नाही, मला ही जमीन घेता येईल का?' कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 'बघू, करून देतो' असे उत्तर आले की सावध व्हा.

दुसरा प्रश्न: 'दोन गुंठे माझ्या एकट्याच्या नावावर होतील का?' तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ च्या अधिसूचनेनुसार पुणे जिल्ह्यात प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात म्हणूनच दहा-अकरा गुंठे पाच-सहा जणांच्या नावे घेऊन 'सामाईक सातबारा' करण्याची पद्धत रुजली. त्यात तुमचा कोपरा कोणता, हे कागदावर कुठेच नसते. कर्ज अडते, पुढे विकताना इतरांशी वाद होतो. जुने तुकडे नियमित करण्याबाबत शासनाने अलीकडे सवलती दिल्या आहेत. पण त्यांना क्षेत्राच्या आणि तारखेच्या अटी आहेत. 'आता सगळे चालते' असे सांगणारा एजंट अर्धेच सांगतो.

तिसरा प्रश्न: 'सातबाऱ्यावर इतर हक्कांत काय आहे?' बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कूळ, बहिणींचे हक्क, वर्ग दोनचा शेरा, पुनर्वसनाचा शेरा. उजनी धरण आणि कालव्यांच्या या मुलखात शेवटचे दोन विशेष महत्त्वाचे. वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. एजंटाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोवर थांबू नका.

चौथा प्रश्न: 'सही कोण करणार?' मूळ मालक समोर येत नसेल आणि कुलमुखत्यारपत्रावर किंवा नोटरीच्या कागदावर व्यवहार उरकायचा असेल, तर २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. नुसत्या मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे.

दलाली आधी ठरवा

दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. सर्वसाधारणपणे एक ते दोन टक्के घेतात. पण मोठा धोका टक्क्यात नाही, वरच्या रकमेत आहे. शेतकऱ्याला एक भाव आणि घेणाऱ्याला दुसरा भाव सांगून मधला फरक खिशात घालणारा मध्यस्थ दोघांचेही नुकसान करतो. म्हणून बोलणी मूळ मालकाच्या समोर करा. एजंट दोन्हीकडून दलाली घेणार असेल तर ते दोघांनाही माहीत असावे. दर, रक्कम आणि ती कधी द्यायची, हे एका कागदावर लिहून घ्या. दलालीचा मोठा भाग खरेदीखत झाल्यावरच द्या.

विसाराची रक्कम मालकाच्या खात्यात जावी, एजंटाच्या नव्हे. स्थावर मालमत्तेसाठी २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे. रेरा प्रकल्पात नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

वकील तुमचा हवा

एजंटाने सुचवलेला वकील सोयीचा असतो, पण तो कोणासाठी काम करतो हे सांगता येत नाही. किमान ३० वर्षांचा शोध अहवाल स्वतः निवडलेल्या वकिलाकडून घ्या. जमीन असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्या. हा खर्च जमिनीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

आपल्याकडे व्यवहार ओळखीवर चालतात. 'पाहुण्यातलाच आहे' एवढ्यावर लाखो रुपये दिले जातात, आणि फसगत झाली तरी नात्यापायी तक्रार होत नाही. कागद मागितला म्हणजे अविश्वास दाखवला, हा समज सोडला पाहिजे. कागद मागितल्यावर जो एजंट रागावत नाही, उलट स्वतःहून फाइल पुढे करतो, त्याच्याशी बोलणी पुढे न्यायला हरकत नाही. जो म्हणतो, 'उद्या दुसरा गिऱ्हाईक येतोय', त्याला ते गिऱ्हाईक खुशाल घेऊ द्या.