काच, कारागीर आणि पंधरा गुण

‘कलावंत आणि कारागीर यांतील भेद स्पष्ट करा.’ हा पंधरा गुणांचा प्रश्न आम्ही दोघांनी विद्यार्थिदशेत सोडवला, पुढे वर्षानुवर्षे शिकवला आणि त्याच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही तपासले. गेल्या वर्षी प्रश्नपत्रिकेचा मसुदा पाठवताना आम्ही त्यातले एकच क्रियापद बदलले. ‘स्पष्ट करा’च्या जागी ‘तपासा’ असे लिहिले. मसुदा परत आला. शेरा एका ओळीचा होता : अपेक्षित उत्तर निश्चित करता येत नाही. आमच्या मते प्रश्न बदलण्याचे नेमके तेच कारण होते.

अपेक्षित उत्तर सर्वांना पाठ आहे. कारागिराला आपण काय घडवणार हे आधीच ठाऊक असते, कलावंताला ते निर्मितीच्या ओघात उमगते. कारागिरीत आराखडा आणि अंमलबजावणी वेगळी असतात, कलेत त्या वेगळ्या काढता येत नाहीत. कारागीर पुनरावृत्ती करतो, गिऱ्हाइकासाठी करतो, पोटासाठी करतो. यातला पहिला अर्धा भाग कॉलिंगवुडच्या १९३८ सालच्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’मधून आलेला आहे. उरलेला मार्गदर्शिकांनी आपल्या पदरचा घातला आहे. स्वतः कॉलिंगवुड सावध होता. एकच वस्तू कलाही असू शकते आणि कारागिरीही, हे त्याला मान्य होते; तो दोन संकल्पना वेगळ्या करत होता, दोन माणसे नव्हे. आपल्याकडे मात्र त्या संकल्पनांची माणसे झाली आणि माणसांच्या दोन रांगा झाल्या.

या रांगा तपासण्यासाठी आम्ही काचकामाचे उदाहरण घेतो, कारण तिथे हा वाद पुस्तकात न राहता भट्टीपाशी आला. १९६२ च्या मार्चमध्ये हार्वे लिटलटन या कुंभारकामाच्या प्राध्यापकाने अमेरिकेतील टोलेडो येथील कलासंग्रहालयाच्या आवारात एक कार्यशाळा घेतली. कारखान्यात अडकलेली तापती काच एकट्या कलावंताच्या हाती यावी, ही त्याची आकांक्षा. ‘स्टुडिओ ग्लास’ चळवळीचा आरंभ याच कार्यशाळेपासून मोजतात. पण तिथे घडले काय? पहिला वितळ फसला. मदतीला आला तो डॉमिनिक लॅबिनो, उद्योगातला संशोधक. त्याने काचतंतू बनवण्याच्या कामी येणाऱ्या काचगोट्या पुरवल्या आणि त्या नीट वितळल्या. आता काच होती, पण ती फुंकणार कोण? लिबी कारखान्यातून निवृत्त झालेला हार्वे लीफग्रीन नावाचा एक जुना फुंकणारा तिथे आला आणि त्याने नळी हातात घेऊन दाखवले. कलावंताच्या काचेचा जन्म असा एका कारखानदारी संशोधकाच्या आणि एका निवृत्त कामगाराच्या हातून झाला. तरी दहा वर्षांनी लिटलटनच म्हणाला की तंत्र स्वस्त असते. त्याला त्यातून काहीही अभिप्रेत असो, ऐकणाऱ्यांनी लीफग्रीनला विसरण्याची परवानगी म्हणूनच ते ऐकले.

आता एखाद्या काचकर्मीचा साधा दिवस पाहावा. भट्टी नाही, सहायक नाहीत. टेबलावर गॅस आणि ऑक्सिजनची ज्योत, लेप दिलेली पोलादी सळई आणि रंगीत काचेच्या कांड्या. डोळ्यांवर विशिष्ट चष्मा, कारण तापलेल्या काचेतला सोडियम असा पिवळाधमक भडका उडवतो की त्याआड काम दिसेनासे होते. तापलेल्या काचेचा खरा रंगही दिसत नाही; लाल कांडी ज्योतीत काळपट दिसते. म्हणजे जे घडते आहे त्याचा रंग घडवणारीला घडवताना दिसत नाही, तो ठाऊक असावा लागतो. तयार मणी पाचशे अंशांच्या आसपास तापवलेल्या पेटीत जातो आणि रात्रभर हळूहळू निवतो. प्रसरणाचे गुणोत्तर न जुळणाऱ्या दोन काचा एकत्र आल्या असतील, तर मणी सकाळी तडकलेला सापडतो, कधी आठवड्यानेही तडकतो. आता सांगावे, इथे आराखडा कुठे संपला आणि अंमलबजावणी कुठे सुरू झाली? तिला आधी सगळे ठाऊक होते की काहीच नव्हते? आमच्या उत्तरपत्रिकांना यातले एक काहीतरी निवडावेच लागते. काचेला तसे लागत नाही.

पुनरावृत्तीचे म्हणाल, तर जत्रेच्या आधी ती एकाच जातीचे शंभर मणी करते. त्यातला नव्वदावा मणी पहिल्यासारखा नसतो, हे ज्याने कधी वृत्तात लिहिले आहे त्याला सांगायला नको. जत्रा म्हणजे अमेरिकेतली हस्तकलेची जत्रा : दहा बाय दहा फुटांचा तंबू, आधी छायाचित्रे पाठवून निवड समितीपुढे उभे राहणे, मग जागेचे भाडे, आणि दिवसभर वाऱ्याची धास्ती. तंबूच्या पायांना वजने बांधलेली असतात, कारण एक झोत आला की काचेच्या फळ्यांसह वर्षभराचे काम जमिनीवर. लहान कर्णफुले खपतात तेव्हा मोठ्या भांड्याला लागणारी काच आणि वेळ परवडतो. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील ऱ्हाइनबेकच्या जत्रेत या पिढीतल्या कितीतरी जणांनी असाच संसार उभा केला. समीक्षेने मात्र दालनात ठेवलेले भांडे पाहिले, कर्णफुले पाहिली नाहीत. ग्राहक मणी उचलून उजेडाकडे धरतो, परत ठेवतो, पुन्हा उचलतो. तंबूतल्या खुर्चीवरून हे दिवसभर न्याहाळणारीला वाचकप्रतिसादाची मीमांसा आम्ही काय शिकवणार?

मोकळ्या हवेचेही तसेच. काचकलावंत रानात हिंडतो आणि ‘प्रेरणा’ घेऊन परततो, हे भाबडे चित्र सचित्र पुरवण्यांना आवडते. ड्रेस्डेनजवळ राहणारे लिओपोल्ड आणि रुडोल्फ ब्लाश्का हे पितापुत्र काय करत होते ते पाहा. हार्वर्डसाठी त्यांनी १८८७ ते १९३६ या काळात चार हजारांहून अधिक काचेचे वनस्पती-नमुने केले. त्यासाठी घराच्या बागेत अमेरिकन झाडे लावून वाढवली. १८९२ साली रुडोल्फ जमैका आणि अमेरिकेत हिंडला तो चित्रे काढत, रंग टिपत, वनस्पती गोळा करत. त्याला पुष्पकोश आतून कसा दुमडतो ते हवे होते. प्रेरणा आपोआप आली असेल किंवा नसेल. त्याआधी हे कुटुंब समुद्री प्राण्यांचे काचनमुने यादी छापून संग्रहालयांना विकत असे. मागणी होती, किंमत होती, अपेक्षित फलित तर पाकळी-पाकळीने ठरलेले होते. आमच्या कसोटीवर ते शंभर टक्के कारागीर ठरतात. मग समोर उभे राहिल्यावर श्वास का अडकतो, याचे उत्तर पंधरा गुणांत बसत नाही.

इथवरचा वाद कुणी युरोप-अमेरिकेचा म्हणून बाजूला ठेवू शकेल. पण ‘क्राफ्ट्समन’ मराठीत येऊन ‘कारागीर’ झाला, तेव्हा तो बलुतेदारीच्या गावात उतरला. इथे हाताने काम करणाऱ्याला ‘आधीच ठाऊक’ असते ते त्याच्या जन्मामुळे, अशी समजूत तयारच होती. कॉलिंगवुडचा भेद आपल्याला इतका पटकन पटला, तो त्याच्या तर्कामुळे की आपल्या सवयीमुळे? नरहरी सोनाराच्या अभंगातली सोनारकामाची रूपके आम्ही पहिल्या तासाला वाखाणतो आणि दुसऱ्या तासाला कारागिरी ही यांत्रिक असते असे फळ्यावर लिहितो. मधल्या दहा मिनिटांत कुणालाच काही खटकत नाही. आमच्या कथा-कादंबऱ्यांत कंदिलाचा उजेड किती सांडला आहे. पण कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत त्या कंदिलांची काच घडवणारे हात आमच्या मराठीत कुठे आहेत?

भेद नाहीच, असे आमचे म्हणणे नाही. फिरोजाबादेत घराघरांत बायका ज्योतीसमोर बसून बांगडीची उघडी टोके जोडतात. तिथे त्याला जुडाई म्हणतात. ज्योत तीच, काच तीच, बोटांचे भाजणेही तेच. पण जत्रेतली काचकर्मी काय करायचे ते ठरवते, किंमत सांगते, मण्याबरोबर आपले नाव देते. जुडाई करणारीला तोड्याच्या हिशेबाने मजुरी मिळते, आकार दुसऱ्याने ठरवलेला असतो आणि बांगडीवर तिचे नाव कधीच नसते. हा फरक मोठा आहे, पण तो प्रतिभेचा नाही. निर्णय कुणाच्या हाती आणि नफा कुणाच्या खिशात, याचा आहे. त्याला सौंदर्यशास्त्राचे नाव दिले की तो नैसर्गिक वाटू लागतो, आणि आमच्या वर्गात बसलेली, घरी शिवणयंत्र किंवा चाक पाहत वाढलेली मुले आपल्याच आईबापांना खालच्या रांगेत बसवून पंधरापैकी बारा गुण मिळवतात. ते गुण आम्हीच दिलेले आहेत.

या वर्षीही मसुद्यात आम्ही ‘तपासा’ असेच लिहिले आहे. तो पुन्हा परत पाठवण्याचा अधिकार समितीला आहेच. शेरा मात्र या खेपेस एका ओळीहून मोठा असावा.