विखुरलेल्या मजुराची ओळख

कामाचे तंत्र बदलले की कामगाराची राजकीय ओळखही बदलते. बुऱ्हाणपूरच्या विणकरांचा इतिहास हेच सांगतो. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे नोंदवले. तेव्हा माग घरात होता आणि सारे कुटुंब त्यावर राबत असे. मोमीन, कोष्टी, साळी ही जातच विणकराची ओळख होती. पुढे गिरणीच्या स्वस्त कापडाने हातमागाचा बाजार हिरावला, तेव्हा तीच जात राजकीय आधार झाली. १९२८ मध्ये कोलकात्यात भरलेल्या मोमीन कॉन्फरन्सच्या अधिवेशनामागे ही होरपळ होती.

गिरणीने वेगळी ओळख घडवली. भोंगा एक, फाटक एक, मालक एक. त्यामुळे मागणीही एक झाली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. जात मात्र फाटकाबाहेर राहिली नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून दलितांना विणकाम खात्यात मज्जाव होता. तरीही हजारो माणसे कामगार म्हणून एकत्र बोलू लागली. बुऱ्हाणपुरात हे स्थान ताप्ती मिलचे होते. १९७४ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत तिची यंत्रे थांबली.

यंत्रमागाने ही एकजूट मोडली. १९८२ च्या मुंबईतील संपानंतर गिरण्यांचे काम भिवंडी-मालेगावकडे सरकले. बुऱ्हाणपूरच्या मोहल्ल्यांतही यंत्रमागांचा खडखडाट भरून राहिला. धोट्यातली कांडी संपली की माग थांबवायचा, नवी कांडी भरायची आणि पुन्हा सुरू करायचा. एकच कारागीर असे अनेक माग सांभाळतो. मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते. वीज गेली की मजुरीही गेली. सूत व्यापाऱ्याचे, माग दुसऱ्याचे, जागा तिसऱ्याची. मग मजुराने भांडायचे कोणाशी?

कायदाही इथे अपुरा पडतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान १० कामगारांची अट होती. एकच शेड कागदोपत्री अनेक नावांवर वाटून ती चुकवली जाई. २०२० च्या श्रमसंहितेने हा उंबरठा २० वर नेला, म्हणजे पळवाट रुंदच झाली.

शेतातही हेच घडले आहे. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडी गावाच्या परिसरातल्या केळीच्या पट्ट्यात ठिबकने बागेला पाणी भरण्याचे काम कमी केले. पूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचा वर्षाचा करार होई. वर्षाची बांधिलकी सैल होत गेली, तशी उक्त्या कामाची टोळी पुढे आली. आज या बागेत, उद्या त्या बागेत घड उतरवणाऱ्या टोळीला कायमचा मालक नाही आणि संघटनाही नाही.

अशा मजुराला निवडणुकीत जात आणि धर्म याच नावांनी हाक मारली जाते, कारण त्याच्या कामाची नोंदच कुठे नसते. ही नोंद करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. कारखाना ठरवताना कामगारांबरोबर मागांची संख्याही मोजावी. मजुरीचा दर लेखी असावा आणि प्रत्येक खेपेची पावती मजुराच्या हाती पडावी. ई-श्रम पोर्टलवरील नावाला प्रत्यक्ष विमा आणि निवृत्तिवेतन जोडले जावे. एवढे झाले, तर विखुरलेल्या मजुरालाही मजूर म्हणून हक्क मागता येईल.