लिव्हर बसलं, पण ‘लेव्हल’ तपासायची कुठं? माणसाऐवजी रक्ताची बाटली का जाऊ नये?

परंडा : ऑगस्ट आला की शाळा-कॉलेजात अवयवदानाच्या रॅली निघतात, शपथा होतात. ३ ऑगस्टला भारतीय अवयवदान दिन असतो. ग्रीन कॉरिडॉर झाला, या शहरातून त्या शहरात लिव्हर पोचलं, ही बातमी आम्ही बातमीदारही चवीनं लावतो. फोटो येतो, विषय संपतो. ज्याला ते लिव्हर बसलं तो माणूस काही आठवड्यांनी गावाकडं येतो, पुढं त्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही.

आपल्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण घ्या. नाव देत नाही, त्यानंच नको म्हणून सांगितलंय. वय चाळीसच्या आत. बायकोनं स्वतःच्या लिव्हरचा भाग दिला. वीस लाखांच्या पुढं खर्च गेला. थोडं रान विकलं, थोडे ट्रस्टचे आले, बाकी पाहुणे आणि गावची वर्गणी. ऑपरेशन एकदम चांगलं झालं. सहा महिन्यांनी रक्त तपासायला नवरा-बायको कुर्डुवाडीहून रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेले. गोळीची वेळ सकाळी आठ. ‘गोळी कधीच चुकवायची नाही’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की वहिनींनी आठच्या ठोक्याला स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर गोळी दिली. दवाखान्यात नंबर लागून रक्त काढलं साडेदहाला. रिपोर्ट आला १८. पाहिजे होता आठच्या आसपास. दुसऱ्या दिवशी फोन आला, डोस कमी करा.

गोळी किती वाजता घेतली होती हे पलीकडच्यानं विचारलं नाही. यानंही सांगितलं नाही, कारण सांगायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. चौथ्या आठवड्यात डोळे पिवळे. परत पुणे, बायोप्सी, सलाईनमधून स्टिरॉइड, आठ-दहा दिवस अॅडमिट. शरीरानं नवं लिव्हर नाकारायला सुरुवात केली होती. वेळेत कळलं म्हणून लिव्हर वाचलं. बिल मात्र परत लाखाच्या वर.

आता हे १८ म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. दुसऱ्याचा अवयव बसवला की आपलं शरीर त्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडतं. ते थांबवण्यासाठी जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. त्यातली मुख्य गोळी टॅक्रोलिमस. किडनी बदललेल्या बहुतेकांनाही हीच असते. ही गोळी मूळची मातीतली, म्हणून शेतकऱ्याला सांगायला बरं वाटतं. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ती निघाली. डाळिंबावरच्या तेल्याला आपण जे स्ट्रेप्टोसायक्लिन मारत आलो, त्यातलं मुख्य औषध ज्या जिवाणूपासून निघालं, त्याच कुळातला हा जिवाणू. १९८९ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला डॉ. थॉमस स्टार्झल यांनी ती पहिल्यांदा लिव्हर बदललेल्या रुग्णांना दिली.

पण ही गोळी तणनाशकासारखी आहे. पंपाला थोडं कमी पडलं तर तण तसंच, थोडं जास्त झालं तर पीक पिवळं. रक्तात कमी पडली तर शरीर लिव्हर नाकारतं. जास्त झाली तर हात थरथरतात, शुगर आणि बीपी वाढतं, किडनी हळूहळू खराब होते. मधली जागा फार अरुंद. सुरुवातीच्या महिन्यांत साधारण ६ ते १० नॅनोग्रॅम, वर्ष उलटल्यावर बऱ्याच जणांना ४ ते ७. नेमका आकडा प्रत्येकाचा डॉक्टर ठरवतो. एकच डोस दोघांना दिला तरी एकाच्या रक्तात दुप्पट दिसू शकतो. त्यामुळं अंदाजानं चालत नाही, रक्त तपासावंच लागतं. आधी आठवड्याला, मग महिन्याला, पुढं दोन-तीन महिन्यांनी.

आणि हे रक्त कधीही काढून चालत नाही. ज्यांची गोळी दिवसातून दोनदा आहे त्यांचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी काढायचं. त्यावेळी औषध सगळ्यात खाली आलेलं असतं आणि डॉक्टरांचा आकडा त्या तळाचा असतो. गोळी घेतल्यावर एक ते तीन तासांत औषध रक्तात एकदम वर चढतं. आपल्या गड्याचा १८ हा त्या चढाचा आकडा होता. रिपोर्ट खोटा नव्हता, वेळ चुकली होती. विहिरीचं पाणी मोटर चालू व्हायच्या आधी मोजायचं का तीन तास उपसल्यावर, एवढाच फरक.

वेळ का चुकली? कारण गाव ते लॅब अंतर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. रुग्ण अडाणी आहे म्हणून नाही. पुण्यातला रुग्ण सकाळी आठला रिक्षानं जातो, रक्त देतो, तिथंच गोळी घेतो. आपल्याकडच्या माणसाला त्यासाठी आख्खी रात्र प्रवास, दोन माणसांचं भाडं, रोजगार बुडाला तो वेगळा. तपासणीचे दीड-दोन हजार वर. मग होतं काय, ‘बरं वाटतंय की’ म्हणून माणूस एक खेप चुकवतो, मग दुसरी. शरीर नाकारायला लागलं तरी सुरुवातीला काही दुखत नाही, खुपत नाही. फक्त रक्तात कळतं.

त्यात आपल्या गावातल्या सवयी. ताप-खोकल्याला जवळच्या डॉक्टरनं क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, बुरशीला मेडिकलवाल्यानं फ्लुकोनॅझोल दिलं, तर टॅक्रोलिमसची लेव्हल एकदम वर जाते. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं सुरू झाली तर ती धाडकन खाली येते. जुलाब लागले तरी लेव्हल वाढते, हे कुणाला खरं वाटत नाही, पण वाढते. कंबर दुखली म्हणून घेतलेली डायक्लोफिनॅक लेव्हलला नाही, किडनीला धक्का देते. पपनस आणि ग्रेपफ्रूट खायचं नाही. गुळवेलीचं तर विचारूच नका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद केली, आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. तो वाद त्यांचा त्यांना. लिव्हर बदललेल्या माणसाला कुणी प्रेमानं काढा आणून दिला तरी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरला फोन केल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. मेडिकलमध्ये ‘हीच गोळी, दुसऱ्या कंपनीची’ म्हणाले तरी तेच.

मग करायचं काय? माझं मत सरळ आहे. माणसानं जायची गरज नाही, रक्तानं जावं. ही तपासणी जांभळ्या झाकणाच्या साध्या बाटलीत, सीबीसीसाठी जी वापरतात तिच्यातच होते. सगळं रक्त तसंच पाठवायचं, सिरम वेगळं काढायचं नाही, कारण हे औषध तांबड्या पेशींना चिकटून असतं. थंड ठेवलं तर नमुना काही दिवस टिकतो. राज्यात महालॅब योजनेतून २०१७ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घेऊन बाहेरच्या लॅबला पाठवलं जातंच. गाडी आहे, माणूस आहे, बाटली आहे. आमच्या भागातल्या एका केंद्रात विचारलं तर उत्तर आलं, ‘ही टेस्ट आमच्याकडं नाही.’ यादीत एक नाव घालायला मशीन गावात आणावं लागत नाही. २०१६ मध्ये केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम आला आणि जिल्हा रुग्णालयातली सोय वाढली, तेव्हाही आधी ‘तालुक्याच्या माणसाला शहरातच जावं लागणार’ असंच म्हणत होते.

पैशाचंही बघा. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला गोळ्यांसाठी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आपल्याला ती लागू होते का, हे ऑपरेशन झालेल्या दवाखान्याच्या समन्वयकाला विचारा, लाजू नका. सरकार लाखो रुपयांच्या ऑपरेशनला मदत करतं, गोळ्यांना करतं, आणि ती गोळी बरोबर बसतेय का हे बघायची सोय तालुक्यात नाही. ठिबकला अनुदान द्यायचं आणि लाईट द्यायची नाही, तसलाच हा प्रकार. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं जिल्ह्यात किडनी आणि लिव्हर बदललेले किती जण आहेत याची नुसती यादी केली तरी महिन्याला किती बाटल्या जातील ते कळेल.

तोपर्यंत आपल्या या गड्यानं स्वतःपुरता मार्ग काढलाय. तालुक्याच्या गावात खासगी लॅबचं कलेक्शन सेंटर आहे, ते साडेआठला उघडतं. डॉक्टरांना विचारून त्यानं गोळीची वेळ आठवरून नऊ केली, सकाळ-रात्र दोन्ही. आता पावणेनऊला रक्त देतो आणि तिथंच बाकड्यावर बसून गोळी घेतो. दरवेळी एकाच लॅबला, कारण लॅबची पद्धत बदलली की आकडाही थोडा बदलतो. फॉर्मवर स्वतःच्या हातानं दोन वेळा लिहितो : रात्रीची गोळी ९.००, रक्त काढलं ८.५०. सेंटरच्या पोरानं पहिल्यांदा विचारलं, ‘काका, हे कशाला?’ आता तो पोरगा स्वतःच लिहून घेतो. मागच्या महिन्यातला रिपोर्ट मला व्हॉट्सअॅपवर आलाय. ७.२.