तंजावर मुलांना कसे दाखवाल?

दक्षिणेच्या सहलीहून परतलेल्या मुलांना 'तंजावरात काय पाहिलंत?' असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते, 'मोठं देऊळ!' त्यात मुलांची चूक नसते. बस थांबते, मार्गदर्शक घाईघाईने सनावळ्या सांगतो, फोटो निघतात आणि सगळे पुन्हा बसमध्ये. एवढ्याने प्रदेश कळायचा कसा?

रूक्ष माहिती रंजक कशी करावी, याचा धडा याच गावच्या एका मराठी राजाने घालून दिला आहे. दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक लिहिले. कुरवंजी म्हणजे डोंगरात राहणारी, भविष्य सांगणारी स्त्री. राजांनी तिच्या तोंडून चक्क जगाचा भूगोल गाण्यांतून सांगितला! त्यांच्याच छापखान्यातून १८०६ साली इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत निघाल्या. तेव्हा आपणही आधी गोष्ट, मग सनावळी, हाच क्रम ठेवावा.

सुरुवात देवळापासून न करता नदीपासून करा. कावेरीवरचे कल्लणै हे धरण करिकाल या चोळ राजाने बांधले, असे मानतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम दुरुस्त्या होत होत आजही पाणी वळवते. त्या पाण्यावरची भातशेती दाखवली, की चोळांचे वैभव कशावर उभे होते हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

मग बृहदीश्वराचे देऊळ. पहिल्या राजराज चोळाने ते १०१० च्या सुमारास पूर्ण केले. मुलांना एक कोडे घाला. भोवती सगळा नदीचा गाळ, मग एवढा ग्रॅनाइट आला कुठून? तो दुरून वाहून आणला होता. इथे सकाळी लवकर जावे, दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी मुलांचे सारे लक्ष पायांकडेच राहते.

याच आवारात एका भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरफोजीराजांनी तो १८०३ साली कोरवला. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी इथे आले आणि पुढे १८५५ पर्यंत त्यांच्या वंशाची गादी इथे राहिली, हे मुलांना त्या भिंतीसमोरच सांगावे. तमिळनाडूत घरी मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत. शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकणाऱ्या त्यांच्या मुलांना तर ही भिंत आवर्जून दाखवायला हवी. आजीच्या तोंडची भाषा दगडावर पाहिली, म्हणजे ती केवळ घरापुरती नाही हे त्यांना उमगते. जवळच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जुन्या मराठी पोथ्याही जपलेल्या आहेत.

शेवटी समुद्र. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ सरफोजीराजांनी किनाऱ्यावर 'मनोरा' हा आठ मजली बुरूज उभारला. या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात समुद्रगाय राहते. तमिळमध्ये तिला 'कडल पसु' म्हणतात. त्यातला 'पशू' मुलांना ओळखू द्या! ती समुद्रगवत खाते आणि श्वास घ्यायला वर येते. जाळ्यात अडकली, तर गुदमरून मरते. अशा या दुर्मीळ प्राण्यासाठी २०२२ साली इथला ४४८ चौरस किलोमीटर समुद्र राखीव झाला. हे देशातले पहिलेच समुद्रगाय राखीव क्षेत्र. ती दिसेलच असे नाही, पण पाण्याखाली कोणी आपल्यासारखेच श्वास घेणारे आहे, एवढे कळले तरी पुरे.

घरी परतल्यावर मुलांची परीक्षा घेऊ नका. आजी-आजोबांना पुढे बसवा आणि मुलांना सांगू द्या. नदी, देऊळ, भिंत आणि समुद्र या चारही गोष्टी एकमेकींत गुंफून सांगता आल्या, तर मुलांनी तंजावर खरोखर पाहिले असे समजावे.