गाळलेला शब्द आणि उरलेली भीती

गेल्या वर्षी आमच्या विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापिकाबाईंनी ठरलेली एमआरआय तपासणी दोनदा पुढे ढकलली. आजार मल्टिपल स्क्लेरॉसिसचा. मेंदूतील व्रणांवर लक्ष ठेवण्यासाठी ही तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावीच लागते. "आणखी किती किरणे अंगावर घेणार?" असे घरचे म्हणत होते. आयुष्यभर शब्दार्थ शिकवणाऱ्या बाईंपाशीही या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

या तंत्राच्या नावाचा इतिहास बोलका आहे. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये ज्या तत्त्वावर पहिल्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या, त्याच्या नावात 'न्यूक्लियर' हा शब्द होता. तंत्र रुग्णालयात आले आणि तो शब्द गळाला, कारण तो ऐकताच लोकांना अणुबॉम्ब आठवे. वस्तुतः तेथे त्याचा अर्थ शरीरातील हायड्रोजनचे अणुकेंद्रक एवढाच. शब्द गेला, भीती मात्र राहिली.

क्ष-किरण आणि सीटी स्कॅन यांत आयनीकारक प्रारण असते. म्हणून तेथे मात्रेचा हिशेब ठेवावा लागतो. एमआरआयमध्ये असते ते प्रबळ चुंबक आणि रेडिओलहरी. तपासणी वारंवार केल्याने शरीरात साचत जाणारा अपाय आजवर सिद्ध झालेला नाही. त्यामुळे 'वर्षातून इतक्याच वेळा' अशी मर्यादा कोणी घालून दिलेली नाही.

याचा अर्थ मर्यादाच नाहीत असा नव्हे; त्या वेगळ्या ठिकाणी आहेत. १.५ टेस्लाचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूच्या सिलिंडरसह एक तरुण यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. तो रुग्ण नव्हता, रुग्णाचा नातेवाईक होता. त्यामुळे पेसमेकर, शरीरात बसवलेला धातू यांविषयीचे प्रश्न दहाव्या खेपेलाही पहिल्या खेपेइतक्याच गांभीर्याने विचारले गेले पाहिजेत.

दुसरी मर्यादा गॅडोलिनियमयुक्त इंजेक्शनची. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत त्याने गंभीर विकार होऊ शकतो, हे २००६ पासून ठाऊक आहे. वारंवार दिल्यास त्याचे अंश मेंदूत राहतात, हे २०१४ नंतर दिसून आले. त्या अंशांमुळे मेंदूला इजा होते असे सिद्ध झालेले नाही. तरीही युरोपने २०१७ मध्ये त्यातील काही प्रकारांचा वापर थांबवला. तेव्हा "या वेळी इंजेक्शन खरेच हवे का?" हा प्रश्न रुग्णाने निःसंकोच विचारावा.

तिसरी मर्यादा वाचनाची आहे, आणि ती आपल्या परिचयाची आहे. प्रश्नावाचून संहिता चाळणाऱ्याला तीत वाटेल ते सापडते. निरोगी माणसाने केवळ हौसेने सर्वांगाची तपासणी केली, तर एखादा निरुपद्रवी ठिपका दिसतो आणि त्यापायी तपासण्यांची व चिंतेची साखळी सुरू होते. पुनर्वाचन मौल्यवान खरे, पण त्यामागे प्रश्न हवा.

बाईंकडे तो प्रश्न होता. अखेर त्या गेल्या. प्रतिमेत नवा व्रण दिसला आणि औषध बदलावे लागले. वाया गेलेले महिने परत येणार नाहीत. त्यांनी सही केलेले संमतिपत्र संपूर्ण इंग्रजीत होते. भाषेवर आपण परिसंवाद पुष्कळ भरवतो. असे एक पान नेटक्या मराठीत आणणे हेही मराठीच्या अध्यापकांचेच काम आहे, असे मला वाटते.