विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारला स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज… फायदा किती, धोका कुठे?

ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या मोटारींना २० मे २०१८ पासून 'एमओटी' ही वार्षिक तपासणी सक्तीची राहिलेली नाही. गाडीच्या मूळ रचनेत मोठा बदल केलेला नसावा, एवढीच अट आहे. त्याआधी ही सवलत १९६० पूर्वीच्या गाड्यांपुरती होती. आता ४० वर्षांची रेषा दरवर्षी पुढे सरकते आणि ऐंशीच्या दशकातल्या गाड्याही एकेक करून तपासणीतून बाहेर पडत आहेत. ऑगस्ट २०२५ पासून तिथल्या नोंदणी यंत्रणेने जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचे नियमही सैल केले. गाडीचे मूळ रूप कायम राहणार असेल, तर भागास भाग बदलल्याचे कळवण्याची गरज उरलेली नाही.

ब्रेकच्या रबरी होजला तडे गेले आहेत का, दाब दिल्यावर तो फुगतो का, हे पूर्वी वर्षातून एकदा तरी परका माणूस गाडीखाली शिरून पाहत असे. आता ते मालकानेच पाहायचे. (धोकादायक स्थितीत गाडी रस्त्यावर आणणे हा तिथे आजही गुन्हाच आहे.) अशा मालकांच्या खरेदीच्या यादीत हमखास दिसणारी वस्तू म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या जाळीत विणलेले ब्रेक होज. सहज बसणारे, दिसायला देखणे आणि 'ब्रेक सुधारतात' अशी ख्याती असलेले. ही ख्याती कितपत खरी, हे समजून घेण्यासाठी एमजीबी ही गाडी चांगले उदाहरण ठरते.

एमजीबीच का?

आपल्याकडे एमजी म्हटले की आज हेक्टर आठवते. पण १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडलेली एमजीबी ही दोन दारांची छोटी स्पोर्ट्स कार. बंद टपाच्या 'जीटी'सह पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात आणि घरच्या गॅरेजमध्ये पाना हाती धरणाऱ्यांची ही आवडती गाडी आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम.

ब्रेक पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले द्रव धातूच्या बारीक नळ्यांतून चाकांपर्यंत दाब पोहोचवते. पण चाक वरखाली होते, पुढची चाके वळतातही. तिथे धातूची नळी चालत नाही, लवचीक होज लागतो. एमजीबीत असे तीन होज असतात : पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या ॲक्सलसाठी एक. सुरुवातीच्या गाड्यांत ब्रेकचे एकच सर्किट होते. अमेरिकी नियमांमुळे तिथे जाणाऱ्या गाड्यांना १९६८ पासून दुहेरी सर्किट आले, ब्रिटनमधल्या ग्राहकाला त्यासाठी बरीच वर्षे थांबावे लागले. एकेरी सर्किटमध्ये तीनपैकी कोणताही एक होज फुटला, तर चारही चाकांचा ब्रेक जातो. उरतो तो हँडब्रेक. म्हणूनच हा विषय हौसेपुरता मर्यादित राहत नाही.

रबरी होज नेमका कसा बिघडतो?

बाहेरून पडणारे तडे सगळ्यांना कळतात. आतला बिघाड फसवा असतो. रबराचा आतला थर वर्षानुवर्षांनी फुगतो, सुटतो आणि त्याचा पापुद्रा झडपेसारखा वागू लागतो. पेडलच्या जोराने द्रव चाकाकडे जाते, परत मात्र येत नाही. पेडल सोडल्यानंतरही ते चाक ब्रेक धरून राहते, डिस्क तापते, गाडी एका बाजूला ओढते. अनेकदा अशा वेळी कॅलिपर बदलला जातो आणि दुखणे तसेच राहते.

हे ओळखायची साधी पद्धत आहे. चाक जाम असताना कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल किंचित सैल करायचा. तरीही चाक सुटले नाही, तर दोष कॅलिपरच्या पिस्टनमध्ये. सुटले, तर द्रव मागे कुठेतरी अडले आहे. पुढच्या वेळी चाक जाम झाले की होजच्या अलीकडचा, म्हणजे धातूच्या नळीकडचा जोड सैल करून पाहायचा. तिथे चाक सुटले तर मास्टर सिलिंडर तपासायचा, आणि केवळ निपलशीच सुटत असेल तर होज गुन्हेगार.

जाळीने पेडल खरेच घट्ट होते?

होते, आणि त्याचे गणित मांडता येते. स्टीलच्या जाळीच्या होजमध्ये आतली नळी रबराऐवजी टेफ्लॉनची असते (नॉनस्टिक तव्यावरचेच द्रव्य) आणि तिच्याभोवती स्टेनलेस तारांची घट्ट वेणी. दाबाखाली ती रबरापेक्षा कमी फुगते.

अमेरिकेच्या ब्रेक होजविषयीच्या सुरक्षा मानकात होजचे दोन वर्ग आहेत, नेहमीच्या प्रसरणाचे आणि कमी प्रसरणाचे. बारीक व्यासाच्या, म्हणजे एक अष्टमांश इंचापर्यंतच्या होजला १,००० पीएसआय दाबाखाली फुटामागे पहिल्या वर्गात ०.६६ मिलिलिटर, तर दुसऱ्या वर्गात ०.३३ मिलिलिटर फुगण्याची मुभा आहे. तीन होज मिळून तीन फूट धरू. कमाल मर्यादेला पहिल्या वर्गात साधारण दोन मिलिलिटर द्रव होज फुगवण्यातच खर्च होईल. मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच धरला, तर दोन मिलिलिटर म्हणजे पिस्टनची सात मिलिमीटर हालचाल. पेडलचे गुणोत्तर पाचास एक असेल, तर पायाखाली साडेतीन सेंटिमीटर. कमी प्रसरणाच्या होजमध्ये हे निम्म्यावर येते.

हे आकडे कायद्याने दिलेल्या कमाल मर्यादेचे आहेत. चांगला नवा रबरी होज त्यापेक्षा बराच कमी फुगतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक लहान असतो. पण पायाला तो जाणवतो, यात शंका नाही.

आता दुसरी बाजू. पेडल घट्ट लागले म्हणून गाडी कमी अंतरात थांबते, असे नाही. जोरात ब्रेक मारून चाके लॉक करता येत असतील, तर थांबण्याचे अंतर शेवटी टायरची पकड ठरवते. चाळीस वर्षांचे होज काढून जाळीचे लावले आणि 'गाडीच बदलली' असे मालक सांगतो, तेव्हा त्यात नव्या होजचा, ताज्या द्रवाचा आणि नीट काढलेल्या हवेचा वाटा मोठा असतो. त्याच दिवशी नवे रबरी होज लावले असते, तरी बराचसा फरक पडलाच असता. ही तुलना सहसा कोणी करत नाही, कारण दोन्ही संच विकत घेऊन आळीपाळीने लावून बघणार कोण?

मग धोका कुठे आहे?

रबरी होज मरण्याआधी सांगतो : तडे, फुगवटा, ओल. जाळीच्या होजमध्ये आतली नळी दिसतच नाही. वर चकचकीत स्टील, आत काय चालले आहे ते कळत नाही. जाळीच्या तारांमध्ये वाळूचे बारीक कण शिरले, तर प्रत्येक हालचालीला ते टेफ्लॉनच्या नळीवर घासत राहतात. म्हणून चांगल्या होजवर पारदर्शक प्लास्टिकचे आवरण असते. ते आवरण दुसऱ्या कारणासाठीही हवे. उघडी स्टीलची जाळी ही एक प्रकारची कानसच. ती चाकाच्या आतल्या बाजूला किंवा शेजारच्या नळीला टेकली, तर होजऐवजी समोरची वस्तू झिजते.

टेफ्लॉनला पीळ सहन होत नाही. रबर थोडे पिळले तरी निभावून नेते, टेफ्लॉनची नळी एकदा मुडपली की कायमची कमकुवत होते. शिवाय टोकाच्या ताठ धातूच्या फिटिंगला जिथे लवचीक भाग सुरू होतो, तिथेच सगळे वाकणे गोळा होते. अमेरिकी मानकातली झपाट्याने फिरवण्याची चाचणी नेमके हेच तपासते. होजमध्ये दाब ठेवून त्याचे एक टोक मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांनी ३५ तास फिरवले जाते, म्हणजे १६ लाखांहून अधिक वेळा तो वाकतो. सुरुवातीच्या काळात अनेक जाळीचे होज याच चाचणीत अडखळत आणि फिटिंगजवळ जादा आधार दिल्यावर उत्तीर्ण होत. त्यामुळे नुसते 'स्टेनलेस' हा शब्द वाचून होज घेणे योग्य नाही. त्यावर मानकाची खूण, निर्मात्याची ओळख आणि तारीख हवी. जर्मनीत तर असे होज लावल्यास भागाचे मंजुरीपत्र दाखवावे लागते.

बसवताना चूक कुठे होते?

सर्वांत महाग पडणारी चूक क्रमाची. होज एका टोकाला कॅलिपरमध्ये फिरवून घट्ट केलेला असतो, दुसऱ्या टोकाला बॉडीवरच्या पट्टीत नटाने धरलेला असतो आणि तिथेच धातूची नळी त्याला जोडलेली असते. काढताना आधी होजचा षटकोनी भाग एका पान्याने धरून नळीचा नट सोडायचा, मग पट्टीवरचा नट, आणि सगळ्यात शेवटी होज कॅलिपरमधून फिरवून काढायचा. उलट केले, तर साठ वर्षांची गंजलेली नळी पिळते आणि तीही बदलावी लागते. लावताना आधी कॅलिपरचे टोक नव्या तांब्याच्या वायसरसह आवळायचे, मग पट्टीकडचे. नट आवळताना होज धरून ठेवला नाही, तर त्यात पीळ राहतो. शेवटी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, चाक पूर्ण लोंबते ठेवून आणि पूर्ण वर दाबून होज कुठे ताणतो किंवा टेकतो का, हे पाहायचे.

दुसरी चूक आट्यांची. एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांत ब्रेकचे जोड ३/८ इंच व्यासाचे, इंचाला २४ आट्यांचे असतात. आजच्या बहुतेक गाड्यांत १० मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटर अंतराचे आटे असतात. इंची नटाचा व्यास ९.५ मिलिमीटरच्या आसपास आणि आट्यांमधले अंतर १.०६ मिलिमीटर. फरक इतका कमी की इंची नट मेट्रिक भोकात शिरतो, दोन-तीन आटे धरतो आणि आवळल्यासारखा वाटतोही. जोरदार ब्रेकच्या वेळी तोच जोड निखळू शकतो. जोड पहिले काही आटे बोटांनी सहज फिरत नसेल किंवा भोकात डुलत असेल, तर पाना लावायचाच नाही.

आणि द्रव. आपल्या गॅरेजमध्ये त्याला सरसकट 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण 'डॉट ४' हे ग्लायकॉलवर आधारित द्रव आहे. खनिज तेलाचा थोडा अंश जरी त्यात गेला, तरी रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतात. हे द्रव हवेतला ओलावा शोषते. मानकानुसार ताज्या 'डॉट ४'चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा शोषलेल्याचा १५५. जुने द्रव तसेच ठेवून नवे होज लावण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

भारतात काय स्थिती?

केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींची 'व्हीए' मालिकेत विंटेज म्हणून नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे फेरफार चालत नाहीत. ब्रेक होज या यादीत येत नाही. अशी गाडी रोज चालवता येत नाही, पण रॅली, प्रदर्शन आणि देखभालीसाठी ती रस्त्यावर येते, म्हणजे मुंबई-पुण्याच्या गर्दीतच. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या आयातीचा मार्गही २०२५ मध्ये मोकळा झाला, त्यामुळे एमजीबीच्या वयाच्या गाड्या येण्याची शक्यता वाढली आहे.

जाळीचे होज आपल्याला परके नाहीत. चाकणमध्ये तयार होणाऱ्या केटीएम ड्युक ३९० ला ते कारखान्यातूनच येतात. तिथे ते त्या गाडीसाठी आखलेले आणि तपासलेले असतात. हायड्रॉलिक ब्रेक होजसाठी भारतात आयएस ७०७९ हे मानक आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात मापाने कापून, फिटिंग चेपून दिलेला होज त्यावर उतरतो की नाही, हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. परदेशातून आलेल्या जुन्या गाडीला आधीच जाळीचे होज लावलेले असतील, तर त्यावरच्या पट्टीवर किंवा फिटिंगवर महिना आणि वर्ष शोधावे. ते सापडले नाही, तर होज कितीही चमकत असला तरी तो बदलूनच गाडी रस्त्यावर काढावी.