कॉलेजचे गेले काय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला आयपीएलचा लिलाव झाला. त्यात अमरावतीच्या जितेश शर्मावर बंगळुरूने ११ कोटींची बोली लावली आणि अकोल्याचा अथर्व तायडे हैदराबादकडे गेला. वऱ्हाडाने आनंद केला, तो रास्तच होता. पण असे काही घडले की एक तक्रारही कानावर येते. चांगली पोरं आता कॉलेजच्या संघात टिकत नाहीत, पैशाच्या मागे लवकर निघून जातात, विद्यापीठाचे क्रिकेट ओस पडते. ही तक्रार करण्याचा हक्क आपल्या महाविद्यालयांनी कमावला आहे का?

अमेरिकेत हा हक्क निदान काही विद्यापीठांना आहे. तिथल्या बास्केटबॉलमध्ये शाळेतून थेट एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जाण्याची वाट २००६ पासून बंद झाली. वय १९ हवे आणि शाळा सुटून एक वर्ष उलटलेले हवे. मग गुणी मुले वर्षभर विद्यापीठाकडून खेळून निघून जाऊ लागली. केंटकी विद्यापीठाचा २०१४-१५ चा संघ सलग ३८ सामने जिंकला, ३९वा हरला, आणि त्या उन्हाळ्यात सात खेळाडूंनी पदवीआधीच एनबीएची वाट धरली. पुढच्या हंगामात त्याच संघाने नऊ सामने गमावले. तिथे मुलगा गेला की खिंडार पडते, कारण शिष्यवृत्ती, प्रशिक्षक, मैदान, प्रवास सगळे विद्यापीठाने उभे केलेले असते. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली. त्या वर्षी मुदतीआधी एनबीएसाठी नाव देणारे ३५३ होते, २०२५ मध्ये ते १०६ वर आले. उपदेशाने जे थांबले नाहीत, ते मोबदल्याने थांबले.

आता आपल्याकडे पाहा. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाखाली आज पाच जिल्हे आहेत. पण अकोला-अमरावतीच्या मुलाची क्रिकेटची वाट क्लबातून निघते, वयोगटाच्या संघांतून नागपूरच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनपर्यंत जाते आणि तिथून रणजीला पोहोचते. त्या वाटेवर महाविद्यालय लागलेच पाहिजे असे नाही. अकोल्याचा आदित्य ठाकरे डिसेंबर २०१७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, पहिलाच प्रथमश्रेणी सामना खेळला तो थेट रणजीचा अंतिम सामना. विदर्भाने तो जिंकून पहिल्यांदा करंडक आणला. त्याच हंगामात तायडेने १९ वर्षांखालच्यांच्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात ३२० धावा केल्या. हे वय कॉलेजात शिकण्याचे. या मुलांना घडवले ते क्लबाच्या नेटने आणि पहाटे मैदानावर येणाऱ्या प्रशिक्षकांनी. जे कॉलेजने घडवलेच नाही, ते गेल्याचे सुतक कॉलेजने का पाळावे?

उलट नोंद करायची तर नागपूरकडच्या उमेश यादवची करावी. कोणत्याही क्लबाकडून खेळलेला नाही म्हणून त्याला महाविद्यालयाच्या संघात घेतले नव्हते. मग तो विदर्भ जिमखान्यात गेला, २००८ मध्ये रणजी खेळला आणि पुढे भारताचा कसोटी गोलंदाज झाला. लेदरच्या चेंडूशी उशिरा गाठ पडलेल्या, क्लबाची फी न परवडणाऱ्या खेड्यातल्या पोराला पहिली संधी द्यायची ती कॉलेजने. क्लबाने तयार करून दिलेलाच गडी घ्यायचा, तर क्रीडा विभाग हवा कशाला?

घडवणाऱ्याला त्याचा मोबदला कसा मिळावा, यावर उपाय फुटबॉलने काढून ठेवला आहे. करार चालू असताना दुसऱ्या क्लबाने पैसे मोजून खेळाडूला घेतले, तर फिफाच्या नियमानुसार त्या रकमेतले पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांत वर्षांच्या हिशेबाने वाटले जातात. आयपीएलची बोली हे खेळाडूचे मानधन आहे, त्याला कात्री नको. संघमालकाने त्यावर पाच टक्के वेगळे द्यावेत. ११ कोटींवर ते ५५ लाख होतात. आयपीएल संघांना ही रक्कम जाणवणार नाही. जिल्ह्याच्या क्लबाला मात्र तिच्यातून खेळपट्ट्या, बोलिंग मशिन आणि प्रशिक्षकाचा पगार भागवता येईल.

अठरा ते तेवीस ही कॉलेजची वर्षेही या हिशेबात येतात. त्यांचा वाटा ज्या महाविद्यालयाने त्या काळात मुलाला खरोखर सराव, मैदान आणि सामने दिले त्यालाच मिळावा, नुसते हजेरीपटावर नाव असणाऱ्याला नव्हे. क्रिकेट मंडळाने हा नियम करावा. तोवर महाविद्यालयांनी गेलेल्यांची यादी करण्याऐवजी या जूनमध्ये निवड चाचणीची दारे क्लबाबाहेरच्या मुलांना उघडावीत. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.